दहाव्याचं तेल

सुनीलने टेम्पोखाली सरकून चौदा नंबरचा पाना लावला, पहिला नट सैल केला आणि तिथूनच आवाज दिला,

"तात्या, अजून सांगतो. टाकीच्या पट्ट्या एकदा कापल्या की पुन्ना तशा बसायच्या न्हाईत."

"काप," रामहरी म्हणाला.

"टाकी रिकामी राहू द्या की तशीच. काय खायाला मागती का ती?"

"तुला कापाय बोलावलंय."

पाना पुन्हा फिरू लागला. रामहरी मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पौषातली सकाळ होती, तिसगावच्या माळावरचं वारं बोचत होतं आणि त्याने कानाला मफलर गुंडाळला होता. साठीला टेकलेला माणूस. चाळीस वर्षं त्याने लग्नांत आणि सप्त्यांत हजार-हजार माणसांच्या पंगती उठवल्या होत्या. रामहरी आचाऱ्याच्या हातची आमटी ज्याने खाल्ली नाही असा माणूस पाथर्डी तालुक्यात शोधून काढावा लागला असता. गेल्या आठ महिन्यांत मात्र त्याने झारा हातात धरलेला नव्हता. सुपारी घेऊन लोक यायचे, तो त्यांना चहा पाजायचा आणि दुसऱ्या आचाऱ्याचं नाव सांगायचा.

दारात आरती उभी होती. रामहरीची सून. टेम्पो तिच्या नवऱ्याचा, कल्याणचा, आणि टेम्पोला जोडलेली ही दुसरी टाकी तर कल्याणच्याच डोक्यातून निघालेली. तो गेला त्याला आठ महिने झाले होते. रामहरीला तो एकुलता एक.

"मामा," ती म्हणाली, "मी दुसरं काही मागितलं का तुम्हाला आजवर?"

रामहरीने मान हलवली. तिने काहीच मागितलं नव्हतं, हे खरंच होतं.

"माघ लागला की तिथ्या सुरू होतील. भांडी न्यायला चार ठिकाणची बोलावणी आलीत. गाडी मी चालवणार आहे. त्यांनी चालवली तशी चालवायची आहे मला, तेलावर. कॉक कधी फिरवायचा ते मला माहीत आहे. मग टाकी का काढायची, तेवढं सांगा."

"काढायची म्हंजी काढायची."

"का पण?"

रामहरीने जमिनीवरचा एक खडा उचलला, तो उगाच दुसऱ्या हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "सुनीलभाऊ, चहा ठेवते."

ती आत गेली. आत पातेलं जरा जोरात आदळल्याचा आवाज आला. पोर गुणी होती, उलटून बोलत नसे; तिचा राग भांड्यांवर निघे, आणि आचाऱ्याच्या घरात भांड्यांना काय तोटा.

या टाकीची गोष्ट तशी साऱ्या गावाला ठाऊक होती. लोक मोबाईलवर बघून पनीरची भाजी करायला शिकतात. कल्याण डिझेलचा टेम्पो गोड्या तेलावर चालवायला शिकला. मोठ्या कार्यात तळण झालं की कढईत उरलेलं तेल आचाऱ्याचं, ही रीत जुनीच. रामहरी ते कुणाकुणाला वाटून टाकायचा. कल्याण म्हणाला, वाटायचं कशाला, त्याच्यावर गाडी पळवू. रामहरी हसला होता. मग सुनील आणि तो महिनाभर वेड्यासारखे मागे लागले. डेअरीवाल्याकडून चाळीस लिटरचा दुधाचा जुना कॅन आणला, त्याची टाकी केली. आत तांब्याची नळी वेटोळं करून बसवली आणि तिच्यातून रेडिएटरचं गरम पाणी फिरवलं, म्हणजे तेल तापून पातळ व्हावं. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक पितळी कॉक. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की कॉक फिरवायचा, गाडी तेलावर. मुक्कामाला पोचायच्या दोन किलोमीटर आधी कॉक परत फिरवायचा, म्हणजे नळ्यांमधलं जाड तेल जळून जातं आणि पुन्हा डिझेल भरतं. ते विसरलं की संपलं. पहिल्याच थंडीत एकदा कल्याण विसरला. पाथर्डीच्या बाजारात टेम्पोचा दगड झाला आणि तो ओढून आणावा लागला. गावातल्या शहाण्यांना तेवढंच हवं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं चार दिवस त्याला येता-जाता ऐकावं लागलं.

पण पुढे जमलं. इतकं जमलं की टेम्पो वेशीतून गेला की मागे भज्यांचा वास दरवळायचा आणि पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, गेला बघा रामहरीचा कल्याण, आता भूक लागणार. घरात ज्याचं-त्याचं काम ठरलं. रामहरी तेल आणायचा. लंकाबाई, त्याची बायको, जुन्या धोतराच्या चार पदरी कापडातून ते दोनदा गाळायची, चुलीवर ठेवून त्यातलं पाणी उडवायची आणि डब्यांत भरून मागच्या पडवीत ओळीने आठ-आठ दिवस निवळत ठेवायची. बुंदीचं तेल कुठलं आणि भज्यांचं कुठलं हे तिला झाकण उघडलं की कळायचं. कल्याण निवळलेलं तेल टाकीत भरायचा. तिघं मिळून एकाच गोष्टीच्या मागे लागली आहेत, असं त्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

एकच तेल वर्ज्य होतं. दहाव्याच्या जेवणाचं. ते आचाऱ्याने घरी न्यायचं नाही, कढई घरधन्याच्या हवाली करायची आणि त्याची माणसं ते ओतून टाकतात, हे रामहरीच्या बापाने पाळलं, रामहरीनेही पाळलं. कल्याणला ते पटत नसे.

"इंजिनाला काय सुतक आसतंय का, आई?" तो लंकाबाईला म्हणाला होता.

"इंजिनाला नसंल," ती म्हणाली होती. "ते चालवनारा माझा हाय."

त्यावर कल्याणने हात जोडले होते आणि विषय संपला होता.

टेम्पोखाली ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. ठिणग्या बाहेर उडाल्या आणि रामहरीने तोंड फिरवलं. तेवढ्यात आवाज घरघरत खाली बसला.

"लाईट गेली," सुनील म्हणाला आणि पाठीवर सरकत बाहेर आला. त्याच्या कपाळाला काळं लागलं होतं. "येईल अर्ध्या तासात. एक पट्टी कापलीय. दुसरी राहिली." तो हात पुसत बसून राहिला. तो कल्याणच्या वर्गातला. दोघं एका बाकावर बसून नापास झाले आणि एकाच वर्षी पास झाले. "ज्या हातानं जोडलं त्याच हातानं काढायला लावताय, तात्या. मला काय बरं वाटतंय व्हय?"

रामहरी उठला आणि घराला वळसा घालून मागच्या पडवीत गेला.

पडवीत डब्यांची ओळ तशीच होती. रिकामी. तेलकट झाकणांवर धूळ बसून तिचं चिकट कातडं झालं होतं. लंकाबाई पलीकडे भिंतीशी बसून लसूण निवडत होती. तो एका उपड्या डब्यावर बसला, तशी तिने एकदा वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

आठ महिन्यांपूर्वी, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. आदल्या आखाजीला कल्याणने पारावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, वर्षभर गाडी तेलावर चालवून दाखवतो, डिझेल फक्त सुरू करायला आणि बंद करायला. लोकांनी चेष्टा केली. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ ओढायला सुरुवात केली. अकरा महिने आणि सव्वीस दिवस रेघ चुकली नाही. आणि नेमका शेवटी शुक्राचा अस्त आला. तिथ्या बंद, लग्नं बंद, तळण बंद. पडवीतले डबे तळाला गेले. कल्याणला मेहेकरीच्या सप्त्याला भांडी पोचवायची होती. करंजीचा घाट चढून जायचं आणि परत यायचं. टाकीत घाटापुरतंसुद्धा तेल नव्हतं. तो हसत म्हणाला, जाऊ द्या, हरलो, त्यात काय. पण रात्री तो धड जेवला नाही, हे बापाने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रामहरीने गावातल्या कारभारी नावाच्या एकाच्या आईच्या दहाव्याचा स्वयंपाक केला. तीनशे माणूस. भजी, बुंदी, वरण, भात. कढईत तेल उरलं. रीतीप्रमाणे त्याने कारभारीला हाक मारायची, आणि तो माणूस पाठवील त्याच्या स्वाधीन ते करायचं. रामहरीने हाक मारली नाही. तेल निवल्यावर त्याने ते दोन डब्यांत भरलं, डबे आपल्या भांड्यांत ठेवले आणि घरी आल्यावर पडवीत ओळीला लावले. लंकाबाईने विचारलं, कुठलं हो? तो म्हणाला, माळीबाभूळगावच्या कालच्या लग्नातलं राहिलं होतं, त्यांनी धाडलं. तिने बरं म्हटलं आणि गाळायचं कापड काढलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणने टाकी भरली आणि भांडी घेऊन तो गेला. घाट चढून कौडगावच्या अलीकडे लोकांना टेम्पो दिसला. रस्त्याच्या कडेला नीट घेतलेला, इंडिकेटर चालू, इंजिन चालू, आणि कल्याण स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपल्यासारखा. चौतीस वर्षांचा. नगरच्या डॉक्टरांनी हृदयाचा झटका म्हणून सांगितलं. या वयात कसा, विचारल्यावर ते म्हणाले, होतं हल्ली असं.

हल्ली असं होतं, एवढ्यावर कुणाचं समाधान होतं? माणसं दहा दिवस भेटायला येत राहिली आणि प्रत्येकाने आपापलं कारण आणलं. कुणी म्हणे धावपळ, कुणी म्हणे बॉयलर कोंबडी, कुणी म्हणे दृष्ट लागली, भरल्या गाडीला आणि भरल्या घराला. रामहरी सगळ्यांचं ऐकून घेत होता. त्याला कारण माहीत होतं. कल्याणच्या दहाव्याला पाथर्डीच्या छगन आचाऱ्याने स्वयंपाक केला. जेवणं उठल्यावर रामहरी कुणाला न विचारता चुलवणाकडे गेला, अजून कढत असलेल्या तेलाची कढई त्याने एकट्याने उचलली, रस्त्यापलीकडे नेली आणि उपडी केली. पोटरीवर तेल सांडलं, कातडी लाल झाली. लोकांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झाला.

तेव्हापासून तो ही गोष्ट आत घेऊन फिरत होता. जेवताना, झोपताना, बाजारात, देवळात. टेम्पो दारात उभा असायचा आणि तो टाकी दिसणार नाही अशा बाजूने जायचा. आता आरती ती टाकी पुन्हा भरणार म्हणत होती. हे त्याने होऊ दिलं नसतं. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, एवढं त्याला कळत होतं; पण त्याआधी टाकी घरातून जायला हवी होती.

"पोरीला का रडवताय?" लंकाबाईने लसणावरून मान न उचलता विचारलं.

"रडती हाय?"

"भांडी आदळती तवा रडतीच ती. आठ महिनं झालं, तुमाला कळंना का अजून?"

रामहरीने शेजारच्या झाकणावरची चिकट धूळ अंगठ्याने खरवडली.

"त्याच्या हातचं तेवढंच हाय हितं," लंकाबाई म्हणाली. "बाकी काय राहिलंय? एक फोटू, आन् ही टाकी. तिला चालवू द्या. बरं वाटंल तिला."

"त्या टाकीत मी दहाव्याचं तेल घातलंतं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण बोललो. लंकाबाईचे हात थांबले.

"कारभारीच्या आईच्या दहाव्याचं," तो म्हणाला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "दोन डबं. लग्नाचं म्हनून तुला सांगितलं, ते लबाड बोललो. त्याचं वरीस भरत आलंतं, चार दिस राहिलंतं. त्याचं त्वांड बघवंना मला. म्हनलं, कुनाला कळतंय. बापानं पाळल्यालं, तू पाळल्यालं, सगळं मोडलं आन् पोराच्या हाती दिलं. त्यानं इचारलं बी न्हाई. भरलं आन् गेला." त्याने मफलर तोंडावर दाबला. "मी मारलं त्याला, लंका. दुसरं कुनी न्हाई."

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. आठ महिने त्याने हा प्रसंग मनात घडवून पाहिला होता आणि दर वेळी ती ओरडली होती, छाती पिटली होती, एकदा तर तिने त्याला घराबाहेर काढलं होतं. यातलं काही झालं नाही. तिने मांडीवरची लसणाची सालं गोळा केली, सुपात टाकली आणि सूप बाजूला सरकवलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"दहाव्याचं हुतं ते. तुमी म्हनलात, माळीबाभूळगावच्या लग्नाचं. त्या आठवड्यात तिथी कुठं हुती? शुक्र बुडाल्याला. साऱ्या तालुक्यात एक लगीन न्हाई, आन् ह्यांच्याकडं लग्नाचं तेल."

रामहरी तिच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांचा आचारी. लग्न कधी नसतं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि आयुष्यात एकदा खोटं बोलायचं तर तो लग्नाचंच बोलला होता.

"आचाऱ्याची बायकू हाय मी," ती म्हणाली. "पंचांग तुमच्याआधी मी बघते. भात किती, मीठ किती, हे न्हाई कळत मला. तिथी कळती."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? पोरासाठी आनलंतं तुमी. लबाड बोलताना तुमचं त्वांड बघितलं मी. एवढुसं झालंतं. त्याच्यापुढं तुमाला खाली बघाय लावायचं माझ्या जिवावर आलं."

रामहरी उठून उभा राहिला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"म्हंजी ठाव असून भरू दिलंस तू?"

"न्हाई."

"मग?"

"बसा खाली."

तो बसला नाही. ती तशीच बोलत राहिली, गाळणं-निवळणं कसं केलं हे एखाद्या नव्या सुनेला सांगावं तशी.

"तुमी जेवून पडलात. कल्याण पाथर्डीला गेल्ता, आरती शेतात. दोन्ही डबं वढत वढत बांधावर नेलं आन् बाभळीखाली वतून दिलं. डबं राखेनं घासलं. धा पान्यानं धुतलं, उन्हात वाळवलं. मग आपल्या करडीचं तेल वतलं त्यात. घरचं. वरसाचं म्हनून घाण्यावरनं आनलंतं ते. दोन्ही भरलं आन् ओळीला ठिवलं."

"आपलं करडीचं?"

"व्हय."

"मग आपुन घरात काय खाल्लं?"

"दुकानचं. आठ महिनं दुकानचंच खाताय तुमी. येवढा मोठा आचारी, पन जिभंला कळलं न्हाई." ती हे टोमण्याने म्हणाली नाही. "मला वाटायचं, आज इचारत्याल, उद्या इचारत्याल. तुमाला चवच राहिली न्हवती."

रामहरी डब्यावर बसला. आतून चहाचा वास येत होता आणि आरती सुनीलला काहीतरी सांगत होती.

"त्याला कळलं," लंकाबाई म्हणाली. "पहाटं टाकी भरताना म्हनला, आई, आज तेल लई सोच्छ हाय गं, पान्यावानी. कुठल्या लग्नातलं? मी म्हनलं, भर मुकाट्यानं. आन् हसले." तिने पदराने नाक पुसलं. "हसला त्यो बी. माझ्यासंगं त्याचं तेवढंच बोलनं झालं."

रामहरीने आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. त्याला हलकं वाटायला हवं होतं. आठ महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून घेतला की माणसाला हलकं वाटतं, असं तो इतरांच्या बाबतीत ऐकत आला होता. तो वाट पाहत राहिला. आपण केलं नाही, आपल्या हातून काही झालं नाही, घरातलं सगळ्यात चांगलं तेल आईने त्याच्या गाडीत घातलं आणि तरीही तो घाट चढून गेल्यावर गाडी बाजूला घेऊन गेला. ज्याने गुन्हा केला त्याला निदान पोर का गेलं ते माहीत असतं. रामहरीला आता तेही माहीत नव्हतं.

घरात एकदम फ्रीज घुरघुरू लागल्याचा आवाज आला.

"तात्या!" पुढून सुनीलची हाक आली. "लाईट आली. कापू का दुसरी?"

रामहरी डब्यावरून उठला.

"राहू दे," तो ओरडला. "कापल्याली जोड परत."

"आं?"

"जोड म्हनलं ना. आरतीला इचार, ती सांगंल तसं कर."

मग आरतीचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही, आणि पाठोपाठ हत्यारांची पेटी ओढल्याचा आवाज. लंकाबाईने सूप परत पुढ्यात घेतलं. एक लसूण उचलला आणि तो सोलायचं विसरून हातातच धरला.

"मग त्यो गेला कशानं?" रामहरीने विचारलं.

त्याने हे तिला विचारलं, पण लहान मूल विचारतं तसं, समोरच्याला उत्तर येतच असणार अशा खात्रीने. लंकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी ती त्याच्याकडे अशी सरळ पाहत होती.

"मला वाटलं, तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "आठ महिनं तुमी त्वांड शिवून बसला. माझ्या मनानं घेतलं, ह्यांना कायतरी कळलंय. डाक्टर काय बोलला आसंल, न्हाईतर कुनी काय बघितलं आसंल. आज ना उद्या सांगत्याल." तिच्या हातातला लसूण खाली पडला. "मी वाट बघत हुते."